विहिरीची वजाबाकी

एका गावात एकाच घरच्या तीन जावा होत्या. भाकऱ्या तिघी मिळून थापायच्या, पण वाढायची थोरली आणि आधी जेवायचीही तीच. मग मधली. धाकटीला दुरडीच्या तळाशी उरेल ते. याला त्या घरात रीत म्हणत.

गावाला पाणी एकाच विहिरीचं. एका संध्याकाळी तिघी पाण्याला गेल्या, तर आतून बाईसारखा आवाज आला, "आज कोणी किती भाकऱ्या खाल्ल्या?" भीतीने खोटं सुचेना. थोरलीने चार सांगितल्या, मधलीने दोन, धाकटीने एक.

आवाज हिशेबाला लागला. आकडे उतरते लावले, चारशे एकवीस. चढते लावले, एकशे चोवीस. मोठ्यातून लहान वजा. उत्तराचे आकडे पुन्हा तसेच लावले, पुन्हा वजा. असं करत चारशे पंच्याण्णववर येऊन थांबला, कारण तिथून पुढे कितीही वजा करा, तेच येतं.

"पोचले," आवाज म्हणाला. "आता तुमच्यातली धाकली माझी."

धाकटीची सावली पायापासून कमरेपर्यंत पुसली गेली.

थोरलीला वाटलं, आपला आकडा वाढवला तर विहीर दमेल. दुसऱ्या दिवशी तिने पाच खाल्ल्या, मधलीने दोन. धाकटी उपाशी. विहिरीने पाचशे वीसमधून पंचवीस काढले आणि एका दमात चारशे पंच्याण्णव गाठले. धाकटीच्या सावलीचं नुसतं डोकं जमिनीवर उरलं.

घरी येऊन थोरली परातीतल्या पिठावर बोटाने सात भाकऱ्यांच्या वाटण्या मांडत बसली. सहा, एक, शून्य. तीन, तीन, एक. कशाही मांडा, शेवट तोच. तिघींना सारखं, एवढी एकच वाटणी तिने मांडली नव्हती, कारण त्या घरात ती कधी झालीच नव्हती.

धाकटी चुलीपाशी बसून म्हणाली, "जाऊबाई, उद्या घागर मी एकटीच नेते. माझं तसंही थोडंच उरलंय."

थोरलीचं बोट पिठात थांबलं. मग तिने सगळं पीठ पुसलं.

तिसऱ्या दिवशी तिघी एका पंगतीला बसल्या. दोन-दोन भाकऱ्या, सातवी गाईला. थोरलीचं पोट भरलं नाही.

संध्याकाळी विहिरीने विचारलं. दोन, दोन, दोन. दोनशे बावीस उतरते लावले, चढते लावले, वजा केले.

"काहीच उरत नाही," आवाज बारीक झाला होता. "मग मी काय खाऊ?"

"ते तुझं तू बघ," थोरली म्हणाली. "आमच्या घरातलं माणूस मिळायचं नाही."

धाकटीची सावली सरपटत आली आणि तिच्या पायांना चिकटली. भरलेली घागर थोरलीने स्वतःच्या डोक्यावर घेतली.

तात्पर्य: ताटात लहान-मोठं केलं की वजाबाकी घरच्याच माणसाची होते. आणि ती विहीर करत नाही, वाढणारा हात करतो.