दोन खेळोजी आणि एक पेव

वाघजळीच्या परसोजीराजांना पणजोबा दोन झाले, आणि त्यांतला खरा एकच!

घोटाळा असा. फार मागे त्यांच्या घराण्यात खेळोजी नावाचे म्हातारे राजे वारले. त्यांच्या दोन मुलांत भाऊबंदकी पेटलेली, चुली वेगळ्या. त्याच साली दोन्ही घरांत मुलगा झाला. गेलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, ही रीत. मागे कोण हटतो? दोन्ही पोरं खेळोजी! त्यात सुनांनी सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून दोघीही आपापल्या पोराला ‘बाळ’ म्हणत. म्हणजे तिथंही ओळख पटायची सोय नाही.

पोरं मोठी झाली आणि शत्रू चालून आला. एका खेळोजीनं खिंड अडवली आणि तिथंच देह ठेवला. दुसरा खेळोजी जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरला, वर झाकण ओढून घेतलं, आणि शत्रू गेल्यावर केसांतली ज्वारी झटकत बाहेर आला.

परसोजीराजांना याची कधी फिकीर नव्हती. पण लेकीच्या लग्नाच्या पंगतीत व्याही हंबीरराव जिलबी मोडता मोडता म्हणाले, “राजे, आपण कुठले? खिंडीतले की पेवातले?”

पंगत हसली. राजांचा घास तोंडातच राहिला.

राजांनी तडक खिंडीतल्या वीराचा वीरगळ घडवायला टाकला. त्यावर कोरायचं, ‘आमचे पणजोबा’. तो दसऱ्याला व्याह्यांच्या डोळ्यांदेखत उभा करायचा. पण आधी पुरावा हवा! शास्त्रीबुवांनी श्लोक म्हटला. “पुरावा?” असं राजांनी विचारताच त्यांनी तोच श्लोक आणखी मोठ्यानं म्हटला. मग वंशावळी सांगत फिरणारा हेळवी बैलावरून आला. तांदूळ मिळाले तेव्हा तो ‘खिंडीतले’ म्हणाला. तूप यायला उशीर झाला, तसा ‘पेवातले’ म्हणाला.

राजांच्या डोक्यावर लांब काठीची छत्री, अब्दागीर, धरून उभा असलेला सटवा फस्सकन हसला.

सटवा ताडासारखा उंच. देवानं सगळं सामान आपल्या उंचीवरच खर्च केलं आणि अकलेच्या वेळी नुसती गोणी झटकली, असं तो स्वतःच सांगे.

“हसलास?” राजे गरजले.

“शिंक होती, सरकार.”

“मग ती शिंकच आता उत्तर देईल! दसऱ्याच्या दरबारात सांगायचं, आमचा पणजोबा कोणता. आम्हाला पटलं नाही, तर ही काठी काढून घेऊ आणि तुला वेशीबाहेर घालवू. बायकोपोरांसकट!”

‘खिंडीतले’ म्हणावं, तर पुरावा कुठला? ‘पेवातले’ म्हणावं, तर मान कुणाची? सटवा घरी आला तो खाली मान घालूनच. चौकट कपाळाला लागली नाही, ही त्या दिवसातली एकच बरी गोष्ट.

बायको भागू म्हणाली, “चार पिढ्या तुमच्या घराण्यानं एक काठी धरली. तेवढीसुद्धा तुम्हाला धरता आली नाही?”

“काठी धरली गं. तोंड सुटलं.”

“मग आता काय सांगणार?”

“खरं.”

“अगंबाई! गाडगीमडगी बांधायला घेऊ?”

“घे. पण गाठ मारू नको अजून.”

दसरा उजाडला. दरबार भरला. हंबीरराव मिशीत हसत शेजारच्या गादीवर बसले. सटव्याच्या हातातून अब्दागीर काढून घेतली, तर रिकामे हात कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना.

“बोल!” राजे म्हणाले.

“सरकार, खिंडीतले खेळोजी कसे होते?”

“कसे? वाघ! ओठावर मिसरूड नव्हतं, पण पाऊल मागं घेतलं नाही!”

“आणि लग्नाचं?”

“कसलं लग्न! मुली बघणं चाललं होतं, तोच नगारा वाजला. अंगाला हळद लागायची, तिथं रक्त लागलं रे!” दरबारानं डोळे पुसले.

सटव्यानंही पुसले. मग हळूच विचारलं, “मग सरकार, आपण कुठून आलात?”

शास्त्रीबुवांना एकाएकी खोकला आला.

“पेवातून!” हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. “मी म्हणत नव्हतो?”

राजांचा हात तलवारीवर गेला. “सटव्या! आमचा पणजोबा भित्रा?”

“सरकार, ते पेवात एकटे नव्हते. त्यांच्या खाली माझा पणजोबा होता! राजांचे पाय ज्वारीत रुतू नयेत म्हणून त्यानं त्यांना खांद्यावर घेतलं, असं आमच्या घरी सांगतात. मला विचाराल तर तोच आधी उतरला असणार, आणि राजे त्याच्यावर पडले असणार. भित्रेपणातसुद्धा आमचं घराणं आपल्या एक पायरी खालीच! पण ते दोघं उतरले नसते, तर आज या गादीवर बसायला कोणी नसतं, आणि तिच्यावर अब्दागीर धरायलाही!”

राजांची मिशी थरथरली. रागानं की कशानं, कळेना. हंबीरराव मात्र पोट धरून हसत होते. “पेवातले राजे! वा!”

सटवा त्यांच्याकडे वळला. “व्याहीमहाराज, त्या लढाईला आपलेही पणजोबा निघाले होते ना?”

“अलबत! सगळ्यांच्या पुढं!”

“आणि वारले कसे?”

“सुखानं! नातवंडं-पतवंडं मांडीवर खेळवून—”

“मग त्या दिवशी ते कुठल्या पेवात होते?”

हंबीररावांचं हसू जागच्या जागी थिजलं. आणि परसोजीराजे असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली! शेवटी हंबीररावांनाही राहवेना. दोन्ही व्याही एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागले.

“वीरगळावर कोरा, ‘आमचे चुलत पणजोबा’!” डोळे पुसत राजांनी हुकूम सोडला. आपल्या हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सटव्याच्या मनगटात घातलं. “आणि पेवाचं ते शेत याला इनाम द्या!”

सटव्यानं लवून मुजरा केला. “सरकार, तेवढं पेव जरा रुंद करून घेऊ का? लढाई काही सांगून येत नाही, आणि आपण आता अंगानं भरलात.”

“रुंद कर!” राजे पुन्हा खदाखदा हसले. “आणि व्याह्यांनाही जागा ठेव!”