महिपती पोरांना तळं दाखवतो

एका गावात महिपती नावाचा एक भोळा गृहस्थ होता. बायकोचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. तिनं सांगावं आणि त्यानं अगदी तस्संच करावं. घोटाळा व्हायचा तो तिथंच.

एकदा तो बायको गोदा, मुलगी ठकी आणि मुलगा नाम्या यांना घेऊन डोंगरापलीकडचं देऊळ आणि त्याच्या मागचं कमळांचं तळं बघायला निघाला. बैलगाडी जुंपली, लाडवांचा डबा घेतला. वेस ओलांडली नाही तोच नाम्यानं भोकाड पसरलं.

"अहो, पोर रडतंय. द्या की त्याच्या हातात काहीतरी!" गोदा म्हणाली.

महिपतीच्या हातात बैलांचा कासरा होता. त्यानं तोच दिला. नाम्यानं जोर लावून ओढला, बैल उधळले आणि गाडी ओढ्यात जाऊन बसली.

"अहो, रडणाऱ्याच्या हातात कासरा काय देता! तोंडात लाडू द्यावा!" गोदा चिखलातून ओरडली.

"असं होय," महिपती म्हणाला. त्यानं ते पक्कं ध्यानात ठेवलं.

कशीबशी गाडी काढून मंडळी देवळात पोचली. सभामंडपात एक बुवा डोळे मिटून भजन म्हणत होते. त्यांनी आळवून आळवून तान घेतली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. महिपतीचा जीव कळवळला. एवढा मोठा माणूस आणि कुणीच समजूत काढत नाही! त्यानं डबा उघडला आणि बुवांच्या उघड्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

बुवांना असा ठसका लागला की टाळकरी टाळ टाकून पाठीत धपाटे घालू लागले.

गोदानं नवऱ्याला बाहेर ओढलं. "अहो, ते आळवत होते! कुणी असा वरचा सूर लावला की समोर बसावं, हात जोडावेत आणि मान डोलवावी!"

"असं होय," महिपती म्हणाला.

पुढं तळ्यावर गेले. ऊन चढलं होतं, पोरं कंटाळली होती. ठकी म्हणे, पाय दुखतात. नाम्या म्हणे, कमळ हवं. कमळाला हात घालायला गेला आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरून गळ्याइतक्या पाण्यात पडला.

"बाबा! बाबा!" तो किंचाळला.

महिपती पायरीवर बसला. हात जोडले. मान डोलवू लागला.

"बाबा, वर काढा! वर!"

"वा! अजून वर जाऊ दे!" महिपती म्हणाला.

गोदानं पदर खोचून उडी घेतली आणि पोराला बाहेर काढलं. आता तिच्यात ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"मी ओले कपडे पिळते," ती दमून म्हणाली. "तुम्ही पोरांना घेऊन देवळाच्या ओसरीवर जा. दमलेल्याला झोप लागली की अलगद उचला, गाडीत घाला, पांघरूण घाला आणि गाडी घराकडं लागू द्या. मी येतेच मागून. पण झोपलेल्याला जाग येता कामा नये!"

"एवढंच ना?" महिपती म्हणाला.

तो ओसरीवर गेला. पोरं खांबाला टेकून किरकिरत होती. शेजारीच धिप्पाड गुरव नैवेद्याचं जेवून घोरत पडला होता.

"बाबा, घरी चला ना!" ठकी रडवेली होऊन म्हणाली.

"आधी झोपा," महिपतीनं बजावलं आणि गुरवाला उचललं. घाम फुटला, पण अलगद उचललं. गाडीत घातलं, पांघरूण घातलं आणि गाडी सुरू केली.

थोड्याच वेळात मागून गोदा दोन्ही पोरांना ओढत धावत आली. "अहो, थांबा! थांबा!"

महिपतीनं ओठांवर बोट ठेवलं. "श्शू!" आणि झोपमोड नको म्हणून बैल जोरात पिटाळले.

घरी महिपतीची आई दारातच उभी होती. तिनं पांघरूण उचललं. आतून भरघोस मिशा बाहेर आल्या.

"अरे, हे कोण?"

"हळू बोल, आई. झोपलेल्याला उठवायचं नाही."

"आणि गोदा? पोरं?"

"ती कशी आणणार?" महिपती म्हणाला. "ती तर टक्क जागी होती!"