अर्धं उरलेलं अक्षर

"मग आता शिकायचं काय राहिलं?" यायेलने विचारलं.

एझ्रा मास्तरांनी तिच्यासमोरच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर आपला पंजा पालथा ठेवला. पान झाकलं गेलं.

यायेल थांबली नाही. ती हिब्रू ओळी तशाच म्हणत गेली, कुठेही न अडखळता. पान संपल्यावर तिने मान वर केली.

मास्तरांनी हात काढून घेतला...

"सर, मी चुकते कुठे ते तरी सांगा."

"चुकत नाहीस."

"मग?"

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

यायेल वाकरूळकर तेव्हा सहावीत होती. रायगडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात इस्रायल आळी, ज्यू लोकांची वस्ती, अजून होती, पण आळीतल्या बहुतेक घरांना कुलपं होती. त्यांच्या प्रार्थनामंदिराला, सिनेगॉगला, लागून एक खोली होती. तिथे रविवारी सकाळी मास्तर मुलांना शिकवत. हिब्रू अक्षरं, प्रार्थना, सण. आणि आपल्या पूर्वजांचं जहाज याच किनाऱ्यावर कसं फुटलं, वाचलेली माणसं सगळं विसरून एक प्रार्थना तेवढी कशी धरून राहिली, ती गोष्ट.

एके काळी त्या खोलीत मुलांना बसायला जागा पुरत नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. सगळ्यात शेवटी यायेलची मैत्रीण रिवका गेली.

मास्तरांच्या वर्गात मुलं जोडीने वाचत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून चूक पकडायची. रिवका गेल्यावर चूक पकडायला कोणी उरलं नाही. यायेल संध्याकाळी घराच्या ओटीवर बसून एकटीच मोठ्याने वाचायची. आधी स्वतःचं, मग रिवकाच्या वाटणीचं. पाठ करावं असं तिच्या मनात नव्हतं, पण आवाज सोबतीला हवा म्हणून वाचता वाचता सगळं पाठ झालं.

पुढे त्याचा तिला अभिमान वाटू लागला. शाळेतल्या मैत्रिणींना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. दाखवायला एक मास्तरच होते, आणि त्यांच्या तोंडून कधी शाबास निघत नसे.

त्याच आठवड्यात नफ्ताली आष्टमकर गावात आला. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. आता इस्रायलमध्ये अश्दोदला राहायचा. गुरुवारी त्याच्या वडिलांची पुण्यतिथी होती, आणि वडिलांच्या गावातच त्यांच्या नावाने सेफेरचं वाचन व्हावं अशी त्याची इच्छा होती. सेफेर म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मशास्त्राची गुंडाळी. दहा पुरुष जमल्याशिवाय ती वाचता येत नाही. गावात तिघेच होते. नफ्तालीने फोन करकरून पेण, अलिबागहून माणसं जमवली आणि टेम्पो करून त्यांना पहाटे घेऊन आला.

त्याच्या हातात मिठाईचा मोठा खोका होता. सिनेगॉगच्या दारात यायेल दिसली तसं त्याने विचारलं, "वर्गातली मुलं कुठायत गं?"

"मी आहे."

"हो, पण बाकीची?"

यायेलने आळीतल्या कुलूप लावलेल्या घरांकडे पाहिलं. नफ्तालीने खोका खिडकीत ठेवला आणि डोक्यावरची टोपी नीट करत तो आत गेला.

वरच्या सज्ज्यात, बायकांच्या जागेवर, यायेल आईशेजारी बसली. खाली तिचे वडील, नफ्ताली आणि बाकीची मंडळी. त्या दिवशीचं वाचन तिला तोंडपाठ होतं. मास्तर खाली वाचत होते आणि ती वर ओठ हलवत त्यांच्या एक शब्द पुढे चालली होती.

मास्तर मध्येच थांबले.

ओळीवरून फिरवायची चांदीची काडी एका अक्षरावर येऊन थबकली होती. मास्तर वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. खारी दमट हवा इतकी वर्षं खाऊन त्या अक्षराची शाई सोलवटली होती. वाव हे अक्षर म्हणजे उभी लांब रेघ. ती अर्धी राहिली की योद हे दुसरं अक्षर होतं. खालचा भाग गेला होता, की उरला होता थोडा... सांगता येत नव्हतं. आणि एक अक्षर जरी खोटं ठरलं तरी ती सेफेर वाचायला चालत नाही.

लोक काडीच्या भोवती जमले. कोणी म्हणे वाव, कोणी म्हणे योद. मास्तरांनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. अशा वेळची जुनी रीत त्यांनी समजावली. अक्षराचा निर्णय मोठ्यांनी द्यायचा नाही. लहान मुलाला बोलवायचं. अक्षरं ओळखणारं, पण ओळीचा अर्थ लावता न येणारं. ते जे म्हणेल ते खरं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग एकेकाची नजर वर सज्ज्याकडे गेली.

"मुलगी चालेल का?" पेणचे एक आजोबा म्हणाले.

"मूल लागतं," मास्तर म्हणाले. "दुसरं आहे का कुठे?"

यायेल जिना उतरून खाली आली. इतक्या माणसांनी तिच्याकडे एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं. तिची पाठ ताठ झाली होती.

मास्तरांनी अक्षराच्या दोन्ही बाजूंना पांढरं फडकं धरलं. मध्ये तेवढं एक अक्षर राहिलं.

यायेल वाकली न वाकली तोच म्हणाली, "वाव आहे."

नफ्तालीने सुटकेचा श्वास सोडला. एक-दोघे आपापल्या जागेकडे वळलेसुद्धा.

मास्तरांनी फडकं काढलं नाही.

"काय आहे ते नाही विचारलं, बाय," ते हळू म्हणाले. "काय दिसतं?"

यायेल पुन्हा वाकली. या वेळी बराच वेळ.

तिने अक्षराकडे पाहिलं, आणि आधी तिला शब्द ऐकू आला. मग त्याच्या पुढचा शब्द. मग अख्खी ओळ, ओटीवरच्या तिच्याच आवाजात. ती ओळ बाजूला सारून तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा तो आवाज आला आणि अक्षरावर बसला. चामडं, त्याच्यावरची भेग, शाईचा काळा तुकडा... सगळं डोळ्यांसमोर होतं आणि तरीही ती तिथपर्यंत पोचत नव्हती.

कोणी खोकलं. बाहेर टेम्पोवाल्याने गाडीचं दार लावल्याचा आवाज आला.

"मला दिसत नाही, सर," यायेल म्हणाली. "मला ते येतं."

कोणालाच आधी काही कळलं नाही. मग नफ्ताली पुढे झाला. मुलगी वाव म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं, असं तो म्हणाला. पहिलं उत्तर धरावं, असंही म्हणाला. मास्तर त्याच्याशी वाद घालायला गेले नाहीत. त्यांनी नुसतं यायेलकडे पाहिलं.

नफ्ताली तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या वडिलांच्या वयाचा माणूस, डोळे लाल झालेले.

"बाळा, पुन्हा इथे दहा माणसं मला कधी जमणार?" त्याने विचारलं. "नुसतं वाव म्हण. एवढंच."

यायेलने वडिलांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते.

एक शब्द म्हटला की सगळे खूश होणार होते. तिला मान मिळणार होता. आणि तो शब्द बरोबरच होता, हेही तिला ठाऊक होतं.

तिने मान हलवली. नाही.

मास्तरांनी सेफेर गुंडाळली. तिच्यावर मखमलीचं आवरण घातलं आणि ती कपाटात ठेवून पडदा ओढला. बाकीच्या प्रार्थना छापील पुस्तकातून झाल्या. नफ्तालीने वडिलांसाठी कद्दीश म्हटली, मृतांसाठीची प्रार्थना. मधेच त्याचा आवाज बसला, पण त्याने ती पुरी केली. तेवढं झालं.

मंडळी टेम्पोत बसली. पेणचे आजोबा यायेलच्या डोक्यावर हात ठेवून गेले. नफ्ताली तिच्याजवळून गेला तेव्हा क्षणभर थांबला, काही तरी बोलणार असं वाटलं... मग तसाच निघून गेला. वडील मंडळींना निरोप द्यायला नाक्यापर्यंत गेले. तिला चल म्हणाले नाहीत. आई घरी स्वयंपाकाला गेली.

यायेल वर्गाच्या खोलीत येऊन बसली. आळी पुन्हा रिकामी झाली होती. समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळाने मास्तर आले. सिनेगॉगच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं, किल्ली हातातच होती.

"ते वावच होतं ना?" यायेलने विचारलं.

"असेल."

"मी तसं म्हणाले असते तर?"

"वाचन पुरं झालं असतं."

"आणि कोणाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

ती रडू आवरत होती. नफ्तालीकाका आता परत कधी येणार नाहीत, ती म्हणाली. बाबा घरी बोलणार नाहीत. सगळे इतक्या लांबून आले आणि तिच्यामुळे तसेच परत गेले. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मला सगळं पाठ आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग मला खाली का बोलावलंत?"

"दुसरं कोणी नव्हतं."

"पण मला नाहीच वाचता आलं."

"नाही तर नाही."

...

"रिवका असती तर तिने वाचलं असतं," यायेल म्हणाली. "तिला कधीच पाठ व्हायचं नाही. प्रत्येक अक्षरावर थांबायची. मी हसायचे तिला."

मास्तरांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

यायेलने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. बाहेर ऊन चढलं होतं. नारळाच्या झावळ्यांची सावली भिंतीवर हलत होती.

"सर, आता ते अक्षर कोण वाचणार?"

मास्तर उठले. फडताळातून त्यांनी अगदी लहान मुलांचं, पहिल्या अक्षरांचं पुस्तक काढलं. त्याच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. मग आपल्या खुर्चीकडे न जाता ते गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले आणि यायेलशेजारी, मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे छातीला टेकले.

पुस्तक उघडून त्यांनी तिच्या पुढ्यात सरकवलं.

"पहिल्यापासून शिकव, बाय," मास्तर म्हणाले. "मलाही सगळं पाठच आहे. ते विसरायला बसलोय."