बसलेल्यांमधून जाणारी वाट

एकदा एक नदी काठ सोडून गावात शिरली आणि चाळीस कुटुंबे बेघर झाली. शेजारच्या टेकडीवरील गावाने चाळीस घरांत एकेक खोली मोकळी करून दिली. कुणाला कुठे ठेवायचे, हे ठरवण्याचे काम एका वृद्ध आचार्यांकडे आले. त्यांनी ते आपल्या शिष्येकडे, चारुशीलेकडे सोपवले.

काम अवघड होते. कुणाजवळ गुरे होती, कुणाच्या आईला चढ झेपत नव्हता. तरी दुपारपर्यंत तिने एकोणचाळीस कुटुंबे बसवली. उरला एक आंधळा विणकर आणि त्याची दिवस भरलेली बायको. घरही एकच उरले होते, शंभर पायऱ्या चढून जायचे.

"आचार्य, हे जुळत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळं मोडून पुन्हा मांडायचं, तर चाळीस घरांच्या मांडण्या तपासण्यात आयुष्य सरेल. आणि हिच्या कळा आजच सुरू होतील."

आचार्य उठले आणि चारुशीलेला घेऊन थेट गावच्या सुइणीच्या घरी गेले. तिथे एका कुंभाराचे कुटुंब नुकतेच स्थिरावले होते. आचार्यांनी हात जोडून विणकराच्या बायकोची अडचण सांगितली आणि विचारले, "तुम्हाला आणखी कुठे चालेल?"

"अहो, यांचं तर जमलं होतं!" चारुशीला चकित झाली.

कुंभार म्हणाला, "अंगण असलं की झालं." तसे घर दोघा तरुण भावांना मिळाले होते. आचार्यांनी त्यांनाही तेच विचारले. भाऊ हसले. "आम्हाला काय, पायऱ्याही चालतील."

कुंभारणीने बोचके बांधले. जाताना ती सुइणीला म्हणाली, "चूल पेटलेलीच राहू द्या. तिला गरम पाणी लागेल."

परतताना आचार्य म्हणाले, "तू रिकाम्या घराकडेच पाहत राहिलीस. अडलेल्याची वाट बहुधा बसलेल्यांमधून जाते. एकाला विचारावं, तो दुसऱ्याचं दार दाखवतो. असं करत मोकळ्या घरापर्यंत पोचलो, की सर्वांना जागा मिळते. नाही पोचलो, तर दुसऱ्या दारापासून सुरुवात करावी. मांडण्या असंख्य असतात, चारुशीले. दारं चाळीसच आहेत."

दुसऱ्या दिवशी आणखी एक कुटुंब आले. गावाने आणखी एक खोली दिली, पण ती त्यांना सोयीची नव्हती. चारुशीलेने यादी मिटली, पायांत वहाणा सरकवल्या आणि ती विचारायला निघाली.