पैलवानाच्या वहाणेतले हरभरे

एका गावात एक सरपंच होता, हणमंता नावाचा. गडी पैलवान. जत्रेतला मानाचा नारळ दरसाल त्याचाच. तो नारळ द्यायचा मान मात्र गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा, म्हणजे गेनूतात्याचा. हा तात्या भारी खट.

गावात नवी चावडी उठत होती. हणमंता म्हणाला, "पायऱ्या गुडघाभर उंच घ्या. लांबून रुबाब दिसला पाहिजे."

तात्या म्हणाला, "बाजूला एक उतार ठेव, धरायला कठडा ठेव. पोरं गेली शहरात, निम्मं गाव म्हातारं झालंय. आम्ही सभेला वर चढायचं कसं?"

"तात्या, म्हाताऱ्यांसाठी काय गाव वाकवायचं?"

तात्या मिशीत हसला.

जत्रा आली. हणमंतानं शेवटची कुस्ती मारली, हलग्या कडाडल्या, तो नारळाला हात पुढं करून उभा. तात्या म्हणाला, "नारळ वर देवळाच्या ओट्यावर ठेवलाय. पायऱ्या चढून घेऊन ये. पण माझं वय अंगावर घेऊन जायचं. आणलास तर उताराचं नाव काढणार न्हाई."

"एवढंच?" हणमंतानं मांडी थोपटली.

म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. गुडघ्यांना वाळूच्या पिशव्या बांधल्या. कानात कापूस कोंबला, डोळ्यांवर पातळ फडकं बांधलं, गळ्यातनं कमरेला दोरी ओढून पाठ वाकवली. वहाणांत मूठ मूठ हरभरे टाकले. "चल आता!"

सारं गाव देवळापुढं लोटलं. पोरं झाडावर चढली. पहिली पायरी हणमंतानं जोरात घेतली. दुसरीला धाप लागली. तिसरी त्याला दिसलीच नाही. धाडकन गुडघ्यावर आला.

"हात द्या रं कुणीतरी!"

म्हाताऱ्यांतल्या सरजाआजीनं त्याच्या कानातला कापूस काढला, नि म्हणाली, "तुझ्या एकट्यासाठी काय गाव वाकवायचं, लेकरा?"

गाव खो खो हसलं. हणमंता तिथंच बसला. त्यालाही हसू आवरेना, गुडघाही ठणकत होता. मग म्हणाला, "गवंड्याला सांगा, आधी उतार. पायऱ्या मागनं."

चावडी झाली. उतार झाला, कठडा झाला, टेकायला पाठीचे बाक आले. त्या उतारावरनं पहिला कोण चढला? हणमंताच, दुखऱ्या गुडघ्यानं, कठडा धरून. मागनं तात्या काखेत तोच नारळ घेऊन येत होता.

"सावकाश, आजोबा," तात्या म्हणाला, "घाई न्हाई आपल्याला."

तात्पर्य: म्हातारपण सगळ्यांच्याच वाटेवर उभं आहे, म्हणून पाय धड आहेत तोवरच गावानं ती वाट सोपी करून ठेवावी.