उपडी पेठ

निंबसरच्या वेशीतून आत शिरलात की काळ्या दगडांची फरसबंदी असलेली पेठ लागते. बाहेरून आलेल्या माणसाला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते चटकन ध्यानात येत नाही. मग कोणीतरी सांगतं. या पेठेत एकही फलक नाही. कुणाच्या वाढदिवसाचा नाही, पक्षाचा नाही, नगरपालिकेचाही नाही. ऐन निवडणुकीत गावाबाहेरचे कुंपणाचे खांबसुद्धा हात जोडलेल्या पुढाऱ्यांनी भरून जातात, पण पेठेतल्या भिंती उघड्याच. वेशीजवळचा एक दगड मात्र बाकीच्यांपेक्षा वीतभर वर आलेला आहे. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने त्या दगडावर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. या पेठेला उपडी पेठ म्हणतात. ती उपडी झाली त्याला कारण राही पाथरवटीण.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. राहीच्या सासऱ्याने पेठेचे दगड बसवले होते. तिचा नवरा सोनबा खाणीवर दगड काढायचा आणि राही घरोघर फिरून झिजलेल्या जात्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने ती पुन्हा खरबरीत करायची. त्या साली दुसऱ्यांदा पाऊस गेला. जात्यात घालायला दाणे नाहीत, तर टाकी लावायला कोण बोलावणार? त्यामुळे दुष्काळ किती घरांत शिरलाय हे राहीला सगळ्यांच्या आधी कळलं. तिने ते सोनबाला सांगितलं. सुभेदाराच्या गढीत धान्याची पेवं तुडुंब होती. सोनबा चावडीवर गेला आणि भर सभेत म्हणाला, "पेवं उघडा." त्याला तिथूनच धरून गढीत नेलं.

तेवढ्यात सुभेदाराच्या वरच्या हुजुरांची स्वारी पाहणीला निंबसरला यायची ठरली. सुभेदाराची पाचावर धारण बसली. रयत काय बोलेल याचा नेम नव्हता, म्हणून रयतेच्या वतीने आपणच बोलून टाकावं असं त्याला सुचलं. मातीच्या भिंतीवर लिहिलेलं टिकत नाही आणि बाजाराला येणारी माणसं ठेच लागू नये म्हणून खाली बघत चालतात. तेव्हा पेठेच्या दगडांवरच कोरायचं ठरलं. मजकूर असा होता: 'सुभेदारांच्या छायेत निंबसरची रयत सुखी आहे.'

अंताजी कारकून हे घेऊन राहीकडे आला. "कोरून दे, तुझा नवरा घरी येईल," म्हणाला.

राहीला अक्षर येत नव्हतं. तिने ते वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "कोरते. पर कसं कोरायचं ते माझ्यावर सोडा."

अंताजीने गेरूने अक्षरं आखून दिली, कडेला आणि लहान. राहीने ती पुसली आणि रस्त्याच्या या गटारापासून त्या गटारापर्यंत, पेठेच्या रुंदीएवढी अक्षरं आखायला लावली. एकदा कोरून पेठ संपेना, म्हणून तेच वाक्य पुन्हा, आणि पुन्हा. कारकून खूश झाला. अशी निष्ठा त्याने पाहिली नव्हती. गावाने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. बयजा कासारीण तिची जिवाभावाची मैत्रीण. ती रोज राहीच्या बाजूने जायची, पण मान वळवून. राहीला ते फार लागलं, पण तिने खाली घातलेली मान वर केली नाही. बोटं फुटली, टाकी तीनदा लोहाराकडे गेली. वेशीजवळचा, पहिल्या अक्षराच्या अलीकडचा दगड तिने कोरा ठेवला.

"हा का सोडलास?" अंताजीने विचारलं.

"सरकार वाचायला येतील तवा हुबं राहायला नको का?" ती म्हणाली.

काम संपलं. सोनबा काही आला नाही. "हुजूर येऊन जाऊ देत," असं सांगण्यात आलं.

पुढचा बाजारचा दिवस उजाडला. बयजा बांगड्यांची दुरडी घेऊन वेशीत आली आणि पहिल्या अक्षरापाशी थबकली. अक्षराला पाय लागला तर आपण आजही वाकून हात लावतो, मग ज्यांना एकही अक्षर वाचता येत नव्हतं त्यांचा धाक काय असेल! त्या कोऱ्या दगडापुढे पाऊल टाकायला बोटभर जागा राहीने सोडली नव्हती. बयजाने वाकून नमस्कार केला, वळली आणि ओढ्याच्या वाटेने निघाली. जाताना तिने राहीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. मग तिच्या मागून आलेला तेलीही वळला, माळी वळले, बैलगाड्या वळल्या. बाजार ओढ्याच्या वाळवंटात भरला आणि पेठेत फक्त सुखी रयतेची अक्षरं उरली.

हुजूर चार दिवसांवर आले होते. त्यांना ओसाड पेठ दाखवायची कशी? सुभेदाराने लोकांना वेशीत गोळा करवलं आणि स्वतः मेण्यात बसून आला. कोऱ्या दगडापाशी भोई थांबले. त्यांचे पाय दगडाला चिकटले म्हणतात. चिकटले नसतील, पण कोणी उचलला नाही एवढं खरं. झक मारत सुभेदार खाली उतरला, तो नेमका त्या दगडावर.

"चाला सगळे," तो म्हणाला. "रस्ता चालण्यासाठी असतो."

राही पुढे आली. "सरकार, पयलं अक्षर आपल्याच नावाचं हाय. त्याच्यावर पाय द्या म्हंता, तर देतो. पर आधी आपण द्या."

सुभेदाराने पायाखाली पाहिलं. त्याच्या जोड्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर 'सु' होता. त्याचा पाय काही उचलेना.

"बरं, मंग वाचून तरी दावा," राही म्हणाली. "आमच्या तोंडचं म्हून लिवलंय. आमास्नी ठावं पाहिजे, आमी काय बोललो ते."

त्याने वाचलं. एवढ्या माणसांसमोर, ज्यांच्या पोटात त्या दिवशी काही नव्हतं त्यांच्यासमोर.  वाचून झालं तेव्हा राहीने विचारलं, "सोनबा कुठं हाय?"

सुभेदार मेण्याकडे वळला. तिने पुन्हा विचारलं. मग बयजाने विचारलं, मग तेल्याने, मग सगळ्या पेठेने. सुभेदार मेण्यात बसला आणि त्याने पडदा ओढून घेतला. त्या पडद्यानेच उत्तर दिलं. ज्याच्यासाठी ती इतके दिवस घाव घालत होती तो माणूस तेव्हाही जिवंत नव्हता, हे राहीला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ती रडली असेलच, पण पेठेत कोणी पाहिलं नाही. तिने पहार आणली आणि पहिला दगड उलथला. दुसऱ्या दगडाला बयजाचा हात लागला. संध्याकाळच्या आत सगळी पेठ उपडी झाली, अक्षरं मातीत तोंड खुपसून गेली आणि लोक त्याच पहारी घेऊन पेवांकडे गेले. गढीचे शिपाई पुढे आले नाहीत. त्यांच्या घरची जातीही थंडच होती. हुजूर आले तेव्हा सुभेदार परगणा सोडून गेला होता.

गोष्ट इथे संपली असती तर गावाला आवडली असती. पण आठ दिवसांनी रंगनाथ शिंपी चार जणांना घेऊन राहीकडे आला. पेवं फोडायला तो सगळ्यात पुढे होता. "राहीबाई, दगडांची वरची बाजू आता कोरी हाय. 'सुभेदार पळाला, निंबसर जिंकलं,' असं कोरा. सोनबाचं नावबी घालू."

राहीने विचारलं, "हे समदं निंबसर म्हंतंय?"

"समदं."

"मी न्हाई म्हणत. मी काय जिंकले?"

रंगनाथने मागच्या चौघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पर खरं हाय न्हवं ते?"

"खरं आसंल. तर वेशीतल्या दगडावर चढ आन् सांग. कुणी विचारलं तर जबाब दे. कोरलेल्या दगडाला उलटं इचारता येत न्हाई, रंगनाथा. सुभेदाराला म्हून तर त्यो पायजे हुता."

त्याच दिवशी तिने कोरा दगड उचकटला, आपली टाकी आणि हातोडा त्याखाली पुरला आणि दगड परत बसवला. म्हणून तो वीतभर वर आहे. पुढे ती बयजाबरोबर बांगड्यांची दुरडी घेऊन हिंडली, पण हातात टाकी पुन्हा धरली नाही.

आजही पेठेची डागडुजी करताना एखादा दगड सुटला तर त्याच्या पोटाला 'सुखी' किंवा 'रयत' दिसतं. गवंडी नमस्कार करतो आणि पुन्हा उपडा बसवतो. आणि आजही वेशीतल्या दगडावर कोणीही चढला, आपला असो की परका, तरी त्याला गर्दीतून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोनबा कुठं हाय?" जाणता माणूस मान खाली घालून क्षणभर उभा राहतो, मगच बोलतो. मध्यंतरी एक मोठे साहेब आले होते. त्यांनी माइक हातात घेऊन विचारलं, "कोण सोनबा?" पेठेने पाठ फिरवली आणि आपापल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं रंगाचे डबे घेऊन आली. रस्त्यावर साहेबांचं नाव रंगवायचं होतं. परवानगीचा कागदही होता. कोपऱ्यावरच्या कासारणीने बांगड्या भरता भरता त्यांच्याकडे पाहिलं.

"रंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सायबास्नी पुन्यांदा दगडावर धाडा. आमचं इचारून व्हायचंय अजून."