घोड्यासाठी दिलेला वजीर

एका राज्यात दर वसंतात बुद्धिबळाची स्पर्धा भरे, आणि दर वसंतात मायाधर नावाचा मांत्रिक ती जिंके. तो काळे मोहरे घेई. समोरचा जी चाल करी, तीच तो करी. शेवटी समोरचा थकून वेळेत चाल करायला चुके, हरे, आणि तत्क्षणी शिसवी मोहरा होऊन मांत्रिकाच्या पटावर जाऊन बसे.

माहुताचा थोरला मुलगा सुधन्वा असाच हरून घोडा झाला. पुढच्या वसंतात त्याचा धाकटा भाऊ कुवल आला. त्याला अक्षर येत नव्हते. खेळ तेवढा दादाने शिकवला होता. राजाने विचारले, कशासाठी आलास?

"दादाला न्यायला."

डाव तीन. वेळ मोजणारे घटिकापात्र बुडायच्या आत चाल झाली नाही, तर हार. तिसरा बरोबरीत सुटला तरी कुवलची हार, असे ठरले.

कुवलने दादाची आवडती सुरुवात केली. वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे. मायाधराचेही दोन घरे. घोडा बाहेर, तिकडेही घोडा बाहेर. पहिला डाव बरोबरीत सुटला, दुसराही. चाली पुकारणारी मैना म्हणाली, तेच ते सांगून माझी चोच दुखली.

तिसऱ्या डावातही सुरुवात तीच. पण या वेळी मायाधराचा घोडा पुढे आला, तेव्हा कुवलला दिसले, त्या घोड्याची मान डावीकडे कलली होती. सुधन्वा विचारात पडला की अशीच मान ठेवी. मग कुवलला डावाचे भान राहिले नाही. वजिरापुढचे प्यादे त्याने एक घर सरकवले, वजीर कडेला काढला. मायाधरानेही तेच केले. दोन वजीर समोरासमोर आले. सभेला वाटले, आता वजिराने वजीर जाणार.

कुवलने वजिराने तो घोडा मारला आणि मुठीत घट्ट धरला. त्याच्या वजिराला खायला एक प्यादे शेजारीच उभे होते. सभा हळहळली.

"शह," मैना म्हणाली.

मायाधराचा हात सवयीने स्वतःच्या वजिराकडे गेला, समोरचा घोडा मारायला.

"मांत्रिक महाराज, आधी राजा सांभाळा," मैना म्हणाली.

शहाची नक्कल होत नाही. प्याद्याने वजीर खाल्ला की सुटका, हे पोराटोरांनाही दिसत होते. पण स्वतःची चाल मायाधराला येतच नव्हती. घटिकापात्र बुडाले, आणि मायाधराच्या जागी एक काळे प्यादे उरले.

पटावरचे मोहरे माणसे होऊन आळोखेपिळोखे देत उठले. कुवलची मूठ उघडली आणि समोर सुधन्वा उभा राहिला.

"वेड्या, घोड्यासाठी वजीर देतात का? हेच शिकवले मी तुला?"

"घोडा तू होतास ना, दादा."

राजाने सर्वांना मानाने घरोघरी धाडले. सुधन्वा वाटभर धाकट्याला त्याची चूक समजावत होता, आणि ते कितीही ऐकले तरी कुवलचे मन भरत नव्हते.